कामगार तेच, कारखाना नवा

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला. गैरहजेरी, संप आणि सदोष गाड्या यांमुळे तो बदनाम होता. 1984 साली टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुमी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच होते, युनियनही जुनीच. तरीही अल्पावधीत गाड्यांचा दर्जा जपानमधील कारखान्यांच्या जवळपास पोहोचला.

हे कसे घडले? कामगारांचे पाच-सहा जणांचे गट करण्यात आले. प्रत्येकाने गटातील इतरांचे कामही शिकून घ्यायचे. दोष दिसताच कोणीही दोरी ओढावी. गटप्रमुख मदतीला येई. दोष वेळेत निघाला नाही तर लाइन थांबे. त्याबद्दल शिक्षा नव्हती. 1988 च्या सुमारास मागणी घटली, तेव्हाही कामगारांना कमी न करता प्रशिक्षण देण्यात आले.

'नुमी' 2010 साली बंद झाली, पण तिचा धडा मोलाचा आहे. 'लीन' व्यवस्थापनात वाया जाणारा माल, वेळ आणि श्रम कमी करायचे असतात. तो अपव्यय सर्वप्रथम कामगारालाच दिसतो. बोलल्यास नोकरी जाईल अशी भीती असेल, तर तो चूक झाकतो आणि तोटा मालकाच्याच पदरी पडतो. दहा माणसांचे वर्कशॉप चालविणाऱ्या आपल्या बांधवांनीही हे ध्यानात घ्यावे.