एटीव्ही घेताय? शोरूमसमोरची एक चक्कर पुरेशी नाही!

चार जाड टायर, बाईकसारखं हँडल आणि रुबाबदार रूप! एटीव्ही, म्हणजेच ऑल टेरेन व्हेइकल पाहिली, की ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या पांदण रस्त्यांसाठीच बनली आहे असं वाटतं.

पण गाडीवर बसण्याआधी एक प्रश्न विचारा: हिला एमएच ३४ किंवा एमएच ३३ चा नंबर मिळेल का? भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी मॉडेल्स मोजकीच. नोंदणी नसेल आणि घर ते शेत यांच्यामध्ये सार्वजनिक रस्ता असेल, तर ही गाडी दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यावी लागेल. राखीव जंगलात तर परवानगीशिवाय शिरायचंच नाही.

आता टेस्ट राईड. बाईक चालवणारेच इथे जास्त चुकतात. अ‍ॅक्सिलरेटर मूठ पिळून नाही, बहुतेकदा अंगठ्याने दाबून द्यायचा असतो. वळताना गाडी झुकत नाही. आपल्यालाच वळणाच्या आतल्या बाजूला वजन टाकावं लागतं. तोल गेला म्हणून सवयीने पाय टेकवला, तर मागचं चाक त्यावर चढू शकतं.

म्हणून हेल्मेट घालून, आधी मोकळ्या जागेत हळू चालवा. मग विक्रेत्याला चढ आणि धानाच्या बांधीतला चिखल मागा. मागच्या रॅकवर, मर्यादेत बसत असेल तर, खताचं पोतं ठेवून पुन्हा चढ चढा. रिकामी असताना शहाण्यासारखी वागणारी गाडी तेव्हा पुढून हलकी होते. आणि शक्यतो दुपारी जा, चंद्रपूरच्या उन्हात पायांमधलं इंजिन किती तापतं तेही कळेल.