डाकोरची एक दिवसाची वारी

पंढरपूरची वाट सुरतेहून लांबची आहे. वर्षातून एकदा तरी विठोबाचे दर्शन घडावे अशी इच्छा घरोघरी असली, तरी मुलांच्या शाळा, कारखान्यातील पाळ्या आणि वडीलधाऱ्यांचे दुखरे गुडघे यांतून ती तडीस जाणे कठीणच. अशा कुटुंबांना पहाटे निघून रात्री उशिरा का होईना घरी परतता येईल, असे एक क्षेत्र गुजरातेतच आहे. ते म्हणजे खेडा जिल्ह्यातील डाकोर. सुरतेहून ते सुमारे दोनशे किलोमीटर पडते. आगगाडीने आणंदपर्यंत जावे. तेथून गोध्र्याकडे जाणाऱ्या फाट्यावर उमरेठ ओलांडले की डाकोर येते. पौर्णिमेला येथे मोठी गर्दी लोटते आणि फाल्गुनी पौर्णिमेला तर दूरदूरचे पदयात्री येऊन थडकतात. तेव्हा लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील, तर एखादा साधा दिवस निवडणे बरे. दुपारी देव विश्रांती घेतो आणि मंदिराचे दरवाजे बंद होतात, हेही ध्यानात असावे.

येथला देव रणछोडराय, म्हणजे रण सोडून द्वारकेला गेलेला श्रीकृष्ण. तो द्वारकेहून डाकोरला कसा आला याची कथा मराठी मनाला परकी वाटणार नाही. बोडाणा नावाचा भक्त तळहातावर तुळस वाढवी आणि ती घेऊन दर सहा महिन्यांनी पायी द्वारकेला जाई. वार्धक्याने पाय थकले तेव्हा देवच त्याच्याबरोबर गाडीत बसून निघाला. परंपरा या घटनेचे वर्ष संवत १२१२ असे सांगते. द्वारकेचे गुगळी ब्राह्मण पाठलाग करीत आले, तेव्हा मूर्ती गोमती तलावात दडवण्यात आली. अखेर मूर्तीच्या भारंभार सोने द्यावे असे ठरले. बोडाण्याच्या घरी सोने म्हणजे पत्नी गंगाबाईची नथ, तीही सव्वा वालाची! तुळशीपत्रासह ती पारड्यात पडली आणि मूर्ती हलकी ठरली. पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिलेला देव ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना भक्तासाठी बैलगाडीत बसलेला देव ओळखायला कितीसा वेळ लागणार?

गोमतीच्या काठावरून मंदिराकडे पाहिले की ८ घुमट आणि २४ शिखरे नजरेत भरतात. सर्वांत उंच शिखर सुमारे ९० फुटांचे आहे. हे मंदिर १७७२ साली बांधले गेले. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या निधनाचे हेच साल. ते बांधणारे गृहस्थ होते गोपाळ जगन्नाथ तांबवेकर, पेशव्यांचे सराफ. बांधकामास सुमारे एक लाख रुपये लागल्याचे नमूद आहे. गुजरातच्या घराघरांत ज्या देवाचे नाव घेतले जाते, त्याचे आजचे देऊळ एका मराठी सावकाराच्या द्रव्यातून उभे राहिले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलाला हे मुद्दाम सांगितले पाहिजे. या शहराच्या इतिहासात मराठ्यांचे नाव निघते ते १६६४ आणि १६७० या दोन सालांसाठी. वर्गात हा धडा आला की आपल्या मुलांकडे माना वळतात. त्या स्वाऱ्यांचे राजकारण वेगळे, त्यांची कारणे वेगळी. ती मुलांना समजावून द्यावीतच. परंतु मराठी माणसाने या भूमीतून काय नेले एवढेच त्याने ऐकावे आणि येथे काय ठेवले ते ऐकूच नये, हा अन्याय आहे. डाकोरचे देऊळ हे त्या दुसऱ्या बाजूचे दगडी उत्तर आहे.

या आडनावाचा डाकोरशी संबंध देऊळ बांधून संपला नाही. पुढे शतकभराने देवापुढे येणारी रोकड आणि दागिने कोणाचे, असा वाद उभा राहिला. सेवकांचे म्हणणे, ते आमचे. त्याचा हिशेब आम्ही कोणाला देणे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाद मागणाऱ्यांत अग्रभागी नाव होते मनोहर गणेश तांबेकर यांचे. न्यायालयाने १८८७ साली निर्णय दिला, की भक्ताने वाहिलेले धन देवाच्या कार्यासाठी आहे आणि ते सांभाळणारे हिशेबाला बांधलेले आहेत. देवस्थानाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व असते, हे तत्त्वही त्या निकालात मांडले गेले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि तेथे १८९९ साली त्याचा निर्णय झाला. देवस्थानांच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्याला आजही हा खटला टाळता येत नाही. २०१९ च्या अयोध्या निकालातही त्याचा आधार घेतलेला आहे. गंगाबाईच्या नथीएवढे सोनेसुद्धा देवाच्या नावे जमा झाले पाहिजे, असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

एवढा इतिहास ऐकेपर्यंत मुलांचा धीर सुटलेला असतो, कारण बाजारपेठेतून तळणाचा वास केव्हाचा येत असतो. डाकोरला जाऊन गोटे न खाता परतणे ही जवळजवळ अर्धी यात्रा! चण्याचे जाडसर पीठ, भरडलेले धणे आणि मिरे, मिरची, किंचित साखर असे हे मिश्रण. त्याचे गोल गोळे कढईत सोडतात आणि बाहेरून गडद तपकिरी होईतो तळतात. आत मात्र ते मऊ आणि रवाळ राहतात. आपल्या भज्यांशी त्यांचे नाते आहे, पण चव निराळी: आधी गोडसर, मग दाताखाली धणा फुटतो आणि शेवटी मिऱ्याचा तिखटपणा घशाशी उतरतो. सोबत वाटीभर दही घ्यावे. सुरतेच्या लोचो-खमणाला सरावलेल्या जिभेलाही हा पदार्थ नवा वाटतो. घाणा उतरत असतानाच खाल्लेला गोटा आणि डब्यातून घरी नेलेला गोटा यांत मोठे अंतर पडते. म्हणून घरच्यांसाठी तयार पिठाची पुडी न्यावी आणि आपण तेथेच पोटभर खाऊन घ्यावे.

गोटे खात बसलेल्या मुलांना तांबवेकरांची गोष्ट सांगण्यास हीच वेळ उत्तम. समोर तीच शिखरे दिसत असतात आणि तोंड भरलेले असल्याने शंकाही कमी निघतात. शेजारच्या गुजराती कुटुंबालाही बरोबर न्यावे. बोडाण्याची कथा आपल्याहून अधिक रसाळपणे ते सांगतील, आणि देऊळ कोणी बांधले हे आपण त्यांना सांगावे.