हिंवाळ्यांतील मासे आणि पालटतें हवामान

सुगी उरकली, ऊंस कारखान्याकडे जाऊं लागला आणि ताम्रपर्णी व घटप्रभा या नद्यांवरील बंधाऱ्यांस बरगे घातले गेले, म्हणजे चंदगड तालुक्यांतील शेतकऱ्यास दोन घटका मोकळ्या मिळतात. कोणी गळ घेऊन नदीकांठीं जातो; ज्याच्या शेतांत तळें आहे तो तळ्यांत सोडलेल्या माशांकडे लक्ष देऊं लागतो. दोघांचीही तक्रार एकच असते कीं, थंडी पडली म्हणजे मासा खात नाहीं. ही तक्रार अर्धीच खरी आहे. थंडींत मासा कमी खातो हें खरें. परंतु तो केव्हां खातो, केव्हां खात नाहीं, आणि केव्हां त्यास खाऊं घालणें त्याच्याच जिवावर बेततें, याला कांहीं नियम आहेत. आभाळ पालटलें कीं या नियमांचा परिणामही पालटतो. इतकेंच नव्हे, तर जें आभाळ नदीवर गळ टाकणारास अनुकूल, तेंच तळ्याच्या धन्यास धोक्याचें ठरतें. असें कां होतें याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ट्राउट मासा व त्याचा धडा

थंड पाण्यांत गळानें मासे धरण्याचें शास्त्र युरोप-अमेरिकेंत मुख्यतः ट्राउट नांवाच्या माशावरून तयार झालें आहे. हा मासा मूळचा आपल्या देशांतील नव्हे. इ. स. १९०० च्या सुमारास त्याचीं अंडीं विलायतेहून काश्मिरांत आणून तेथील ओढ्यांत त्याची पैदास करण्यांत आली, आणि १९०७ सालीं नीलगिरीवर अव्हलांच येथें त्याचें उबवणी-केंद्र उभारण्यांत आलें. त्यास दहा ते सोळा अंश सेंटिग्रेड ऊब असलेलें पाणी मानवतें. वीस अंशांच्या वर तो कासावीस होतो आणि पंचवीस अंशांच्या आसपास फार काळ तगत नाहीं. नीलगिरीवरील ते ओढे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच आहेत. चंदगडकडील नदीकांठचा मुलूख त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर आहे. हजार मीटर चढलें कीं हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या नद्यांत चैत्र-वैशाखांत ट्राउट कां जगणार नाहीं तें सहज कळेल.

मासा आपल्याकडे येऊं शकत नसला तरी त्याच्यापासून मिळालेला धडा येऊं शकतो. ट्राउट धरणारे लोक गांडूळ किंवा कणीक लावीत नाहींत. कोंबड्याचें पीस व दोरा आंकड्यास गुंडाळून ते पाण्यावरील किड्यासारखी दिसणारी खोटी माशी करतात. आपल्या नेहमींच्या गळांत वजन आंकड्याजवळ असतें. या रीतींत तें जाड दोरींतच असतें, आणि त्या दोरीच्या झोकानें बिनवजनी माशी दूर जाऊन अलगद पडते. अशा रीतीनें मासे धरणारास, मासा आज काय खात आहे, किती खोलीवर खात आहे आणि कोणत्या वेळीं खात आहे, हें ओळखल्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून हवामान व मासा यांच्या संबंधाचें निरीक्षण या लोकांनीं फार बारकाईनें केलेलें आहे.

त्यांच्या निरीक्षणाचें सार असें: हिंवाळ्यांत मासा उथळ धार सोडून खोल व संथ डोहांत उतरतो, तळाजवळ राहतो, चारा पाहून फार लांब धांव घेत नाहीं, आणि दिवसांतील सर्वांत उबदार प्रहरीं थोडा वेळ खातो. खोटी माशी पाण्यावर तरंगत न ठेवतां तळापर्यंत बुडवून सावकाश वाहूं द्यावी लागते ती याच कारणानें. एक भेद मात्र विसरूं नये. तपकिरी ट्राउट थंडीच्या आरंभीं वितो, म्हणून हिमाचल प्रदेशांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत ट्राउट धरण्यास बंदी असते. आपल्याकडील रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यांत विणारे आहेत. त्यामुळें आपल्याकडे आषाढ-श्रावणांत हात आंवरावा व हिंवाळ्यांत गळ टाकावा, हें निसर्गाशीं जुळतें.

ऊब हवेची नव्हे, पाण्याची

मनुष्याचें अंग बाहेर थंडी असो वा ऊन असो, एकाच उबेवर राहतें. माशाचें तसें नाहीं. त्याच्या अंगाची ऊब म्हणजे भोंवतालच्या पाण्याचीच ऊब. पाणी गार झालें कीं त्याचा श्वास, त्याची हालचाल व त्याचें पचन हीं सर्व मंद होतात. आपल्या तळ्यांतील रोहू-कटल्यास पंचवीस ते बत्तीस अंशांचें पाणी सर्वांत मानवतें; वीस अंशांच्या खालीं त्यांची भूक स्पष्टपणें कमी होते, आणि सोळा अंशांच्या खालीं ते जवळजवळ खातच नाहींत.

आतां पाणी तापण्यास व निवण्यास फार वेळ लागतो. तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षां पाण्यास एक अंश तापण्यासाठीं तीन हजारपटींहून अधिक उष्णता लागते. म्हणून एका रात्रीं कडाका पडला तरी खोल डोहाची ऊब फारशी उतरत नाहीं; उलट चार-पांच रात्री कडाका टिकून नंतर एक दिवस चांगलें ऊन पडलें, तरी तेवढ्यानें डोह उबदार होत नाहीं. माशाची भूक आजच्या हवेवरून नव्हे, तर गेल्या तीन-चार दिवसांच्या हवेवरून ठरते. पहाटेच्या थंडीनें आपले हात गारठले म्हणजे मासाही गारठला असेल, असें समजणें चुकीचें आहे.

यासोबत प्राणवायूचाही हिशेब आहे. दहा अंशांच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें अकरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळूं शकतो, वीस अंशांच्या पाण्यांत नऊ, तर तीस अंशांच्या पाण्यांत साडेसात. म्हणजे गार पाणी प्राणवायूच्या दृष्टीनें अधिक सधन असतें, आणि गारठलेल्या माशास तो लागतोही कमी. मग हिंवाळ्यांत तळ्यांतील मासे गुदमरतात कां? याचें उत्तर ढगांत आहे.

आभाळ पालटतें तेव्हां

निरभ्र कडाका. उत्तरेकडील कोरडा वारा सुटला व आभाळ स्वच्छ राहिलें कीं रात्रीं जमिनीची व पाण्याची ऊब मोकळेपणीं निघून जाते. असे तीन-चार दिवस गेले कीं नदींतील मासा खोल जातो. गळ टाकणारानें पहाटेची हौस सोडून अकरा ते तीन ही वेळ धरावी. ज्या कांठावर दुपारचें ऊन पडतें आणि जेथें खळाळतें पाणी डोहांत उतरतें, ती जागा निवडावी. खळाळांतील दगडांस चिकटून राहणाऱ्या जलकीटकांचीं पिल्लें तेथें वाहत येतात, आणि मासा त्यांचीच वाट पाहत असतो.

ढगाळ हवा. काजूच्या मोहरास ढगाळ हवा किती वाईट, हें चंदगडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु नदीवर हीच हवा गळास चांगली. ढगांचें पांघरूण असल्यामुळें रात्रीची ऊब टिकते व सकाळचें पाणी फारसें उतरत नाहीं. उजेड मंद असल्यानें मासा कांठावरील मनुष्यास कमी बुजतो. आणि जलकीटक दिवसभर थोडे थोडे वर येत राहतात. वाहत्या नदीस प्राणवायू खळाळांतून, म्हणजे हवेंतून मिळतो. सूर्य झांकला म्हणून तो कमी होत नाहीं.

अवकाळी पाऊस. अरबी समुद्रांत ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत वादळें उठतात व त्यांचे ढग घाटमाथ्यापर्यंत येतात. डिसेंबर २०१७ मध्यें ओखी वादळानें कोंकणपट्टीवर पाऊस पाडला. डिसेंबर २०२१ च्या आरंभींही महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं जोराचा अवकाळी पाऊस झाला. असा पाऊस हलका असेल तर कांठावरील किडे वाहून येतात आणि पाणी किंचित् गढूळ होतां होतां मासा कांठालगत येऊन खातो. पाऊस मोठा असेल तर पाणी गढूळ व गार होऊन दोन-तीन दिवस गळ टाकणें व्यर्थ होय. धरणांतून शेतीसाठीं आवर्तन सुटलें म्हणजेही बहुधा असेंच होतें. पाणी एकदम चढतें, मासा जागा बदलतो, आणि प्रवाह स्थिर झाल्यावरच पुन्हां खाऊं लागतो.

तळ्याची गोष्ट निराळी

२०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाल्यापासून महाराष्ट्रांत पुष्कळ शेतांत तळीं झालीं, आणि त्यांत मासे सोडण्याची प्रवृत्तीही वाढली. तळ्यांत खळाळ नसतो. तेथें प्राणवायूचा मोठा वांटा पाण्यांतील सूक्ष्म हिरवें शेवाळ उन्हाच्या योगानें तयार करतें. रात्रीं तेंच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ हे सर्व मिळून तो खर्चतात. म्हणून तळ्यांत प्राणवायू सायंकाळीं सर्वांत अधिक व पहाटे सर्वांत कमी असतो.

आतां तीन दिवस ढग राहिले असें समजा. दिवसां ऊन नाहीं, म्हणून जमा कमी. रात्री उबदार, म्हणून गाळाचें कुजणें व श्वासोच्छ्वास कडाक्याच्या रात्रींहून अधिक, म्हणजे खर्च वाढता. त्यांत धन्यानें नेहमींचें खाद्य चालूंच ठेवलेलें असतें. आदल्या आठवड्याच्या थंडीनें भूक मंदावलेला मासा तें खात नाहीं, आणि पेंड व कोंडा तळाशीं जाऊन कुजतो. वरून थंड पाऊस पडला तर वरचें पाणी निवून खालीं जातें व तळाचें दूषित पाणी वर येतें. चौथ्या पहाटे मासे तोंडें वर काढून हवा गिळतांना दिसतात, व उशीर झाल्यास दिवस वर येईपर्यंत मेलेले सांपडतात. धनी म्हणतो, थंडीनें मासे मेले. वस्तुतः ते ढगानें व वायां गेलेल्या खाद्यानें मेलेले असतात. नदीचा व तळ्याचा हा फरक ज्यानें ओळखला, त्याचें वर्षाचें उत्पन्न पुष्कळ अंशीं वांचलें.

व्यवहारांतील नियम

१. साधा तापमापक दोरीस बांधून दोन हात खोल सोडावा. सकाळीं सात व दुपारीं दोन वाजतां आंकडा पाहून वहींत लिहावा, व शेजारीं आभाळाची स्थिति नोंदवावी. एका हिंवाळ्याची अशी वही पुढील हिंवाळ्यांत फार उपयोगी पडते.

२. तळ्यांत शंभर किलो मासे असतील व उबदार दिवसांत रोज दोन किलो खाद्य देत असाल, तर पाणी वीस अंशांच्या खालीं गेल्यावर एक किलो द्यावें, आणि सोळाच्या खालीं मुळींच देऊं नये. खाद्य दुपारीं द्यावें, पहाटे देऊं नये.

३. सलग दोन दिवस ढग राहिल्यास पाण्याची ऊब कितीही असो, खाद्य व शेणखत दोन्ही थांबवावीं. ऊन पडून दोन दिवस झाल्यावर पुन्हां निम्म्यापासून आरंभ करावा.

४. मासे तोंडें वर काढूं लागल्यास विहिरीचें पाणी पंपानें उंचावरून फवाऱ्यासारखें तळ्यांत पाडावें. पाणी हवेंत जितकें फुटेल तितका प्राणवायू अधिक मिसळतो.

५. कडाक्याच्या दिवसांत विनाकारण जाळें ओढूं नये. गार पाण्यांत माशाची जखम लवकर भरत नाहीं आणि अंगावर लाल व्रण पडण्याचा रोग याच ऋतूंत बळावतो.

६. नदीवर ढगाळ व उबदार दिवस सोडूं नये. निरभ्र कडाक्यांत दुपार व डोह धरावा. धरण-तलावावर गळ टाकण्यापूर्वीं तेथील मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी.

हात आंवरण्याविषयीं

बरगे घातल्यानंतर नदी ठिकठिकाणीं डोहांत वांटली जाते, व उन्हाळ्यापर्यंत सर्व मासा त्याच थोड्या पाण्यांत गोळा होतो. अशा डोहांत सुरुंग फोडणें किंवा विष कालविणें हा १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा मानला गेला आहे. तरीही हा प्रकार आडबाजूस होत असतो. एक डोह असा मारला म्हणजे लहानमोठा सर्व मासा, त्याचा चारा असलेले कीटक आणि पुढील पावसाळ्यांतील वीण हीं एकाच दिवशीं नाहींशीं होतात. कृष्णेच्या खोऱ्यांतील खडस, ज्यास महाशीर म्हणतात व ज्याचें शास्त्रीय वर्णन साईक्स यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तो मोठा व्हावयास पुष्कळ वर्षें लागतात. तो कमी होत चालला म्हणूनच लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत त्याची पैदास हातीं घेतली. आपल्या शेजारीं आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमाजवळील कुंडांत सांपडलेल्या एका लहानशा माशाचें नवी जात म्हणून वर्णन २०२० सालीं प्रसिद्ध झालें, आणि २०२१ सालीं राज्य शासनानें ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. लहानशा पाण्यांतही केवढें धन असूं शकतें, हें यावरून दिसून येईल.

गळाचा हाच मोठा गुण आहे कीं तो एका वेळीं एकच मासा धरतो, आणि तो लहान असेल किंवा खडस असेल तर ओल्या हातानें सोडवून परत पाण्यांत सोडतां येतो. हवामानावर आपली सत्ता चालत नाहीं. पाण्यांत काय टाकावें, केव्हां टाकावें आणि त्यांतून किती काढावें, हें मात्र सर्वस्वी आपल्याच हातीं आहे.