शालेय विद्यार्थ्यांच्या घोट्याच्या दुखापती : प्राथमिक परीक्षण व उपचार (विशेष संदर्भ : सालेकसा तालुका)

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा हा छत्तीसगडच्या सीमेलगतचा आदिवासीबहुल तालुका होय. येथील शासकीय आश्रमशाळा देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत येतात. कबड्डी, खो-खोच्या सरावात घोटा मुरगळणे ही नित्याची बाब आहे. पाश्चात्त्य देशांत अशा वेळी शालेय परिचारिका विद्यार्थ्यास तपासते. महाराष्ट्रातील बहुतांश शाळांत हे पदच नसते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिका असते. परंतु पथकाची शाळाभेट पूर्वनियोजित असते, दुखापत तशी नसते. परिणामी परिचारिकेचे काम वसतिगृहाचे अधीक्षक, अधीक्षिका वा क्रीडाशिक्षकांकडे येते.

पहिला प्रश्न अस्थिभंगाच्या शक्यतेचा असतो. यासाठी कॅनडातील इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम उपयुक्त ठरतात. घोटा दुखत असून त्याच्या आतील वा बाहेरील हाडाच्या टोकावर, अथवा खालच्या ६ सेंटीमीटर भागाच्या मागील कडेवर दाबल्यास वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तरीही ती आवश्यक ठरते. लंगडत टाकलेली पावलेही येथे ग्राह्य धरली जातात. सूज किती आहे याला या निकषांत स्थान नाही, ही बाब अनेकांना अनपेक्षित वाटते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळील वाढीची कूर्चा नाजूक असते. त्यामुळे 'नुसती लचक' असा निष्कर्ष मुलांबाबत घाईने काढू नये.

पाय वाकडा दिसणे, जखमेतून हाड दिसणे, बोटे थंड, निळसर वा बधिर होणे या स्थितीत पाय आहे त्याच अवस्थेत पुठ्ठ्याने आधार देऊन बांधावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अन्य प्रसंगी विश्रांती, लवचिक पट्टी, पाय उंचावर ठेवणे आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा सुमारे १५ मिनिटे शेक पुरेसा होतो. तेल लावून जोराने चोळण्याची किंवा 'हाड बसवून' घेण्याची प्रथा सदिच्छेतून आलेली असली, तरी अस्थिभंग असल्यास ती घातक ठरते.

बर्फाबाबत या परिसरात एक अपवाद महत्त्वाचा आहे. पूर्व विदर्भातील आदिवासी समाजात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. थंडीमुळे या रुग्णांत वेदनांचा झटका उद्भवू शकतो. म्हणून त्यांना बर्फ लावू नये. पडल्याचा वा मुरगळल्याचा इतिहास नसताना घोटा दुखत असेल, तर ती दुखापत नसून सिकलसेलची वेदना असण्याचीही शक्यता असते. अशा विद्यार्थ्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानांतर्गत तपासणी केलेल्यांना निदान दर्शविणारी कार्डे दिली जातात. त्यांची नोंद वसतिगृहाच्या आरोग्य नोंदवहीत पहिल्याच पानावर असल्यास बर्फाचा निर्णय अधीक्षिकेस रात्रीही घेता येतो.