मोटारींच्या वाटेला न जाता!

‘सायकल चालवा’ असे डॉक्टरांनी सांगायचे आणि रुग्णाने मान डोलावून घरी जायचे, हा प्रकार आता नेहमीचा झाला आहे. एके काळी करमाळ्यात सायकल ही घरातली मोठी चीजवस्तू होती. शाळा, बाजार, वस्तीवरचे दूध, देवीची जत्रा ही सगळी कामे तिच्यावरच होत. मुले नळीखालून पाय घालून लंगडी सायकल शिकत आणि तासाच्या भाड्याची सायकल मिळाली की हुरळून जात. आज दळण आणायलाही मोटारसायकलला किक मारली जाते. त्याच घराच्या कोनाड्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांचा डबा ठेवलेला असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे.

सायकलच का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. चालण्याने हे साधतेच, पण वजन जास्त आणि गुडघे दुखरे असले की चालणे नकोसे होते. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट उचलते. गुडघा हलतो, पण त्यावर आदळआपट होत नाही. मांडीचे मोठे स्नायू कामाला लागतात, ते रक्तातली साखर वापरतात आणि इन्शुलिनचा परिणामही अधिक चांगला होऊ लागतो.

हे मी माझ्या दवाखान्यात रोज सांगतो. परंतु एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नीने मला जे ऐकवले, त्याचा विचार प्रत्येक डॉक्टरने केला पाहिजे. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणता सायकल चालवा. पण नगर रोडला उसाची वाहनं बघितलीत का? शुगर कमी व्हायची ती होईल, पण माणूस घरी यायला पाहिजे का नको?”

बाईंचे म्हणणे खरे होते. नगर-टेंभुर्णी हा आपला मोठा रस्ता. त्यावर दिवसरात्र मालमोटारी धावतात. गळीत हंगामात उसाने ओसंडलेल्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, परावर्तक नाही. अशा रस्त्यावर साठीच्या माणसाला व्यायामासाठी पाठवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हापासून मी रुग्णाला व्यायाम सांगताना वाटही सांगू लागलो.

उंचवट्यावरचे गाव

स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर १९९३ पासून चालण्या-सायकलीसाठी मोटारविरहित ‘हिरव्या वाटा’ करण्यात आल्या. आपल्याकडे तशी सोय नाही. परंतु २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाल्यानंतर अनेक गावांचे जोडरस्ते डांबरी झाले. पाणंदी आहेत, वस्त्यांच्या वाटा आहेत. सकाळी सहा ते आठ या वेळात यांतल्या कित्येक वाटांवर शेरडे, दुधाच्या किटल्या आणि एखादी मोटारसायकल यांपलीकडे फारसे कोणी भेटत नाही.

मात्र आपल्या तालुक्याची ठेवण समजून घेतली पाहिजे. पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना आणि मधल्या उंचवट्याच्या माळावर करमाळा. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, तर उजनी जलाशयाची पूर्ण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर. म्हणजे पाण्यापर्यंत साधारण साठ-पासष्ट मीटरचा उतार, तोही चढउतारांच्या माळरानातून. याचा अर्थ सरळ आहे. कोणत्याही नदीकडे निघालात तरी जाताना एकंदर उतार आणि थकून परतताना चढ! घाटातल्या सायकलस्वाराला आधी चढ भेटतो, आपल्याला शेवटी. म्हणून अंगातल्या ताकदीचा तिसरा हिस्सा खर्च झाला की माघारी फिरावे. उरलेले दोन हिस्से परतीसाठी.

वाऱ्याचेही असेच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. त्या दिवसांत आधी पश्चिमेला जावे, म्हणजे परतीच्या चढाला वारा पाठीशी राहतो.

चार वाटा

पहिली वाट नवख्यांसाठी. शहराजवळचा श्रीदेवीचा माळ. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी उभारलेले कमलाभवानीचे देऊळ, उंच दीपमाळा आणि ९६ पायऱ्यांची विहीर आपल्या पाहण्यातली आहेच. पहिले दोन आठवडे रोज एवढेच करावे. विहिरीच्या पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांनी उतरू नयेत. विहीर वरूनही छान दिसते.

दुसरी वाट संगोबाची. सीना आणि कान्होळा यांच्या संगमावर आदिनाथाचे मंदिर आहे. मोठा रस्ता टाळून गावांतून जावे आणि नदीकाठी अर्धा तास विसावा घ्यावा. महिनाभर सराव झालेल्या माणसाला एका सकाळीत ही फेरी जमते. श्रावणी सोमवारी मात्र तिथे गर्दी असते.

तिसरी वाट उजनीच्या पाण्याकडची. करमाळा ते जेऊर हा मोठा रस्ता सायकलने करू नये. सायकल टेम्पोत टाकून जेऊर गाठावे. तिथून चिखलठाणकडे वळले की केळीच्या बागा आणि उसाचे फड सुरू होतात आणि पुढे जलाशयाचे पसरलेले पाणी दिसते. वायव्येकडच्या केत्तूर भागात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. दुर्बीण असेल तर न्यावी. ऊसतोडणीच्या दिवसांत मात्र हे आतले रस्तेही ट्रॅक्टरांनी भरतात. तेव्हा सकाळी लवकर निघावे आणि ट्रॅक्टर आला की खाली उतरून बाजूला उभे राहावे. ट्रॉली मागून डुलते, तिच्याशी बरोबरी करू नये.

चौथी वाट सरावलेल्यांची. आवाटीवरून परांड्याचा भुईकोट. जाताना सीना ओलांडावी लागते. या रस्त्याला वाहने असतात, म्हणून रविवारची पहाट बरी. शक्यतो परांड्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतावे. दोन्ही अंतरे एका दिवसात कापण्याची ईर्ष्या पन्नाशीनंतर धरू नये.

सायकल आणि शरीर

नवी गिअरची सायकल असलीच पाहिजे असे नाही. घरातली जुनी सायकल दुरुस्त करून घ्यावी. दोन्ही ब्रेक लागतात ना, चेनला तेल आहे ना, टायरात हवा भरपूर आहे ना, हे पाहावे. सीटची उंची फार महत्त्वाची. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि दोष मात्र सायकलीला दिला जातो.

चढावर उभे राहून जोर मारू नये. गिअर असेल तर हलका करावा, नसेल तर उतरून चालावे. यात कमीपणा नाही, चालणे हाही व्यायामच आहे. वेग योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी. सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करावा.

पंक्चरचे सामान आणि पंप जवळ असावा, कारण वेड्या बाभळीचा काटा कोणाची गय करत नाही. पावसानंतर काळ्या मातीच्या पाणंदीत शिरू नये. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल बसला की सायकल खांद्यावर घेण्याची वेळ येते. अंगात फिकट, उठून दिसणारे कपडे, डोक्याला हेल्मेट आणि मागे लाल दिवा असावा. मार्च ते मे या महिन्यांत आठच्या आत घरी परतावे. लांबच्या फेरीत घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती पाणी उपयोगी पडते. चमचा चहाचा घ्यावा. मात्र मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी हे पाणी सर्रास पिऊ नये, साधे पाणी पुरते.

कोणी जपावे?

चालताना छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल, हृदयविकार होऊन गेला असेल, तर तपासणीशिवाय सायकलला हात लावू नये. वाटेत छातीत दुखले, जबडा किंवा डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला तर तिथेच थांबून मदत मागावी. ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून पुढे जाणे जिवावर बेतते.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. हात कापणे, घाम, गरगरणे, चिडचिड ही तिची लक्षणे. खिशात साखरेची पुडी हवीच. मांडीत टोचलेले इन्शुलिन पायांच्या व्यायामाने लवकर भिनते. म्हणून इंजेक्शनची जागा आणि मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. पायांना बधिरपणा असेल तर चप्पल नको, बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत.

वाट कोणाची?

आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी रावगाव, जेऊर, कंदर या मार्गाने पंढरपूरला जाते. त्या दिवशी रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो आणि मोटारी मुकाट्याने थांबतात. म्हणजे मनात आणले तर रस्ता माणसांसाठी मोकळा होतो. मग वर्षभर निदान गावची पाणंद मोकळी ठेवणे, तिच्यावरचे अतिक्रमण आणि काटे काढणे, कडेला चार लिंबाची झाडे लावणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. ग्रामसभेत हा विषय मांडावा. त्या वाटेने शाळेच्या मुलीही निर्धास्त जातील.

त्या शिक्षकांच्या पत्नीने आता परवानगी दिली आहे, दोन अटींवर. मोठ्या रस्त्याला जायचे नाही आणि एकट्याने जायचे नाही. वाचकहो, माझ्या कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीपेक्षा या दोन अटी अधिक शहाणपणाच्या आहेत. त्या पाळा आणि येत्या रविवारी अडगळीतली सायकल बाहेर काढून आधी हवा भरून घ्या.