पर्यायी परिचालन प्रणाली, भ्रमणध्वनीवरील

भ्रमणध्वनी संचाबरोबर उत्पादकाने दिलेली परिचालन प्रणाली काढून तिच्या जागी दुसऱ्या संस्थेने, स्वयंसेवकांच्या गटाने किंवा वापरणाऱ्याने स्वतः जुळविलेली प्रणाली बसविली, तर तिला पर्यायी परिचालन प्रणाली म्हणतात. व्यवहारात तिला ‘कस्टम रॉम’ हे नाव रूढ आहे. रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती. आजच्या संचांत प्रणाली पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश स्मृतीत साठविलेली असते, तरी जुने नाव टिकून राहिले आहे. परिचालन प्रणाली ही संचाची यंत्रसामग्री आणि त्यावरील अनुप्रयोग (ॲप) यांच्यामधील मध्यस्थ होय. कोणत्या अनुप्रयोगास कॅमेरा, ध्वनिग्राहक, संपर्कसूची किंवा स्थळाची माहिती द्यावयाची, हे तीच ठरविते. त्यामुळे प्रणाली बदलणे म्हणजे संचावरील नियंत्रण उत्पादकाकडून मालकाकडे घेणे होय; मात्र नियंत्रणाबरोबर उत्पादकाची जबाबदारीही मालकाकडे येते.

भ्रमणध्वनी केवळ संभाषणाचे साधन होते, तोवर हा विषय हौशी तंत्रज्ञांपुरता मर्यादित होता. आता रायगड जिल्ह्यातील पेणसारख्या गावी गणेशमूर्तींच्या मागण्या, मूर्तींची छायाचित्रे व पैशांची देवघेव हे सर्व एकाच संचावर होते. रोह्याचा शेतकरी किंवा धाटाव औद्योगिक क्षेत्रातील कामगार यांचे बँकखाते, आधार व रेल्वेचे तिकीटही त्याच संचात असते. अशा संचाची प्रणाली बदलण्याचे लाभ आणि तोटे सामान्य नागरिकाच्या व्यवहारास थेट भिडतात.

रचना व कार्य : बहुतेक पर्यायी प्रणाली अँड्रॉइडवर आधारलेल्या आहेत. अँड्रॉइडचा गाभा (कर्नेल) लिनक्सचा असून तो ज्या परवान्याखाली मिळतो, त्यानुसार संच विकणाऱ्यास गाभ्याचा स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो. गाभ्यावरील अँड्रॉइडचा मोठा भागही मुक्तस्रोत आहे. तथापि प्रक्रियक, मोडेम, कॅमेरा, बोटाचा ठसा वाचणारे साधन इत्यादींना चालविणाऱ्या आज्ञावली बहुधा बंदिस्त असतात व त्या यंत्रभागांच्या निर्मात्यांकडूनच मिळतात. गूगलचे प्ले स्टोअर, नकाशे व त्यांना आधार देणाऱ्या सेवा यांचाही मुक्तस्रोतात समावेश होत नाही. एका प्रारूपासाठी सिद्ध केलेली प्रणाली दुसऱ्या प्रारूपावर सहसा चालत नाही, याचे कारण या बंदिस्त भागांत आहे. २०१७ साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘ट्रेबल’ या रचनेने यंत्रसापेक्ष भाग उरलेल्या प्रणालीपासून वेगळा केला. त्यामुळे ही अडचण काही अंशी कमी झाली.

संच सुरू होताच प्रथम बूटलोडर ही लहान आज्ञावली कार्यान्वित होते. पुढील प्रत्येक टप्प्याची अंकीय स्वाक्षरी तपासून मगच त्याला चालू होऊ दिले जाते. या साखळीस प्रमाणित आरंभ असे म्हणता येईल. चोराने किंवा घातक आज्ञावलीने प्रणालीत फेरफार केल्यास तो या तपासणीत उघडकीस येतो. पर्यायी प्रणालीवर उत्पादकाची स्वाक्षरी नसल्यामुळे ती बसविण्यापूर्वी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. कुलूप उघडताना संचातील सर्व माहिती पुसली जाते. अन्यथा सापडलेला किंवा चोरलेला संच उघडून कोणालाही त्यातील माहिती वाचता आली असती. ॲपलच्या आयफोनमध्ये कुलूप उघडण्याची सोयच नाही. अँड्रॉइड संचांत ती उत्पादकाच्या धोरणावर अवलंबून असून अनेक उत्पादकांनी अलीकडे तिच्यावर निर्बंध घातले आहेत.

प्रणाली बदलणे आणि सर्वाधिकार मिळविणे (रूट करणे) या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वाधिकार मिळाल्यास अनुप्रयोगांना एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या भिंती ओलांडता येतात. चांगली पर्यायी प्रणाली असा अधिकार न देताही चालते व सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच इष्ट असते.

इतिहास : अँड्रॉइडवर चालणारा पहिला संच २००८ मध्ये विक्रीस आला. त्यावर सर्वाधिकार मिळविण्याचे मार्ग लवकरच शोधले गेले व २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी सायनोजेनमॉड ही प्रणाली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी गूगलने आपले बंदिस्त अनुप्रयोग तिच्याबरोबर वाटण्यास हरकत घेतली. तेव्हापासून असे अनुप्रयोग मूळ प्रणालीबरोबर न देता वापरणाऱ्याने वेगळे बसविण्याची पद्धत रूढ झाली. २०१३ मध्ये सायनोजेन ही व्यापारी कंपनी स्थापन झाली, परंतु २०१६ च्या अखेरीस तिने आपल्या सेवा बंद केल्या. स्वयंसेवकांनी तोच स्रोत घेऊन लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवले. गोपनीयता व सुरक्षितता यांवर भर देणारी आणि मुख्यतः गूगलच्या पिक्सेल संचांसाठी विकसित झालेली ग्राफीनओएस, तसेच लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू टच व पोस्टमार्केटओएस या अन्य उल्लेखनीय प्रणाली होत.

भारतातील प्रयोग : सायनोजेनच्या व्यापारी काळाचे पडसाद भारतातही उमटले. मायक्रोमॅक्स कंपनीने आपल्या ‘यू’ या नाममुद्रेसाठी सायनोजेनचे भारतापुरते अनन्य हक्क घेतले होते. याच प्रणालीवर चालणारा वनप्लस कंपनीचा संच भारतात विक्रीस येताच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याची विक्री काही काळ थांबली. एकाच प्रकारचा संच विकत घेतलेल्या ग्राहकाला अद्ययावत आवृत्त्या कोण देणार, हे दोन कंपन्यांमधील करारावर अवलंबून असते, ही गोष्ट या वादामुळे लोकांच्या लक्षात आली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने इंडस ओएस हा प्रयोग महत्त्वाचा आहे. मुंबई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या (पवई) माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या मुंबईतील कंपनीने अँड्रॉइडवर आधारलेली ही प्रणाली २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या संचांवर आणली. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखन, लिप्यंतर व भाषांतर या तिच्या मुख्य सोयी होत्या. तिच्या अनुप्रयोग-भांडारातून काही घेण्यासाठी ई-मेल पत्ता असण्याची गरज नव्हती. पुढे भारतीय उत्पादकांचा बाजारातील हिस्सा घटला आणि कंपनी प्रणालीऐवजी अनुप्रयोग-भांडाराकडे वळली. ती फोनपे कंपनीने विकत घेतल्यावर २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू झाले. भाषेची सोय उत्तम असली, तरी संच बनविणाऱ्यांच्या आधारावाचून प्रणाली टिकणे कठीण असते, हे या उदाहरणावरून दिसते.

रिलायन्स जिओने २०१७ मध्ये आणलेल्या जिओफोनवर कायओएस ही प्रणाली होती. तिचा उगम मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये आहे. कमी किंमतीच्या, कळफलक असलेल्या संचावर तिने आंतरजाल उपलब्ध करून दिले. परंतु २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने कायओएसवरील नवी प्रतिष्ठापना बंद केली व लोकप्रिय अनुप्रयोगांवाचून प्रणालीची उपयुक्तता किती झपाट्याने घटते, याचा प्रत्यय आला. मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेशी संबंधित भारओएस ही प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली. तीत कोणतेही अनुप्रयोग आधीपासून बसविलेले नसतात.

उत्पादकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढेही आला. गूगलचे अनुप्रयोग हवे असलेल्या उत्पादकांना अँड्रॉइडची फेरफार केलेली आवृत्ती आपल्या संचांवर विकण्यास करारान्वये मज्जाव होता. अशा अटींबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

लाभ : संचाचे आयुष्य वाढणे हा पर्यायी प्रणालीचा पहिला लाभ होय. स्वस्त संचांना उत्पादकाकडून सुरक्षा-दुरुस्त्या बहुधा दोन-तीन वर्षेच मिळतात, यंत्रसामग्री मात्र त्यानंतरही चांगली चालू असते. अशा संचावर लिनिएजओएससारखी प्रणाली बसविल्यास नव्या आवृत्त्या मिळत राहतात व संच भंगारात जाण्याचे टळते. दुसरा लाभ म्हणजे उत्पादकाने भरलेले, काढता न येणारे अनुप्रयोग व जाहिराती नाहीशा होऊन संच हलका होतो. तिसरा लाभ गोपनीयतेचा आहे. गूगलच्या सेवांशिवाय संच वापरता येतो किंवा प्रत्येक अनुप्रयोगास किती माहिती द्यावयाची, ते अधिक काटेकोरपणे ठरविता येते. स्रोत खुला असल्यामुळे तज्ज्ञांना तो तपासता येतो. विद्यार्थ्यांना तर प्रणालीची घडण समजून घेण्यास यापेक्षा चांगले साधन मिळणे कठीण आहे.

यांपैकी पहिल्या लाभाचे महत्त्व नव्या संचांपुरते कमी होत आहे. गूगलने २०२३ पासून व सॅमसंगने २०२४ पासून आपल्या वरच्या श्रेणीतील संचांना सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले. जून २०२५ पासून यूरोपीय संघाच्या नियमांनी विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे दुरुस्त्या देणे आवश्यक केले.

तोटे : (१) सुरक्षितता : बूटलोडर उघडा राहिल्यास प्रमाणित आरंभाची साखळी तुटते आणि संच हाती लागलेल्या व्यक्तीस प्रणालीत फेरफार करता येतो. ग्राफीनओएससारख्या मोजक्या प्रणालींत स्वतःच्या स्वाक्षरीने कुलूप पुन्हा लावता येते. बहुतेक संचांवर ही सोय नसते. शिवाय मोडेम व इतर बंदिस्त भागांच्या दुरुस्त्या उत्पादकाने थांबविल्यावर वरची प्रणाली कितीही नवी असली, तरी खालच्या भागातील उणिवा तशाच राहतात.

(२) आर्थिक व्यवहार : संच व प्रणाली प्रमाणित आहेत काय, हे अनेक बँकांचे व यूपीआयचे अनुप्रयोग तपासतात. गूगलची प्ले इंटिग्रिटी ही सेवा यासाठी वापरली जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये अंकीय देयकांच्या सुरक्षिततेविषयी दिलेल्या निर्देशांत सर्वाधिकार मिळविलेला संच ओळखून त्यावर अनुप्रयोग चालू न देण्याची शक्यता तपासण्यास बँकांना सुचविले आहे. बँकेची बाजू समजण्यासारखी आहे, कारण पलीकडच्या टोकास असलेला संच विश्वासार्ह आहे की नाही, हे तिला दुसऱ्या मार्गाने कळत नाही. परंतु ही तपासणी संचाच्या सुरक्षिततेपेक्षा त्याचे प्रमाणपत्र पाहते. त्यामुळे अनेक वर्षे दुरुस्ती न झालेला, परंतु प्रमाणित संच काही वेळा स्वीकारला जातो आणि अद्ययावत पर्यायी प्रणाली नाकारली जाते. तपासणीला चकविण्याची साधने आहेत, पण ती वापरणे बँकेच्या अटींचा भंग ठरू शकते व तपासणी बदलताच ती निकामी होतात.

(३) संभाषण व यंत्रभाग : जिओच्या जाळ्यात दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची सेवा नसल्याने तेथील संभाषण चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून, म्हणजे व्होल्टी पद्धतीने होते. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावली बंदिस्त असल्यामुळे काही पर्यायी प्रणालींवर, विशेषतः अँड्रॉइडवर न आधारलेल्या प्रणालींवर, आंतरजाल चालते पण फोन लागत नाही, अशी स्थिती उद्‌भवते. कॅमेऱ्याची गुणवत्ता घटणे, बोटाचा ठसा न वाचला जाणे, संरक्षित चित्रपट कमी स्पष्टतेने दिसणे हेही नित्याचे अनुभव होत. मराठीतून बोलून लेखन करण्यासारख्या सोयी गूगलच्या बंदिस्त अनुप्रयोगांतून मिळत असल्याने ते वगळल्यास त्यांनाही मुकावे लागते.

(४) हमी व बिघाड : कुलूप उघडल्यावर अनेक उत्पादक हमी नाकारतात. सॅमसंगच्या अनेक संचांत अनधिकृत प्रणाली बसविताच एक सूक्ष्म वितळतार कायमचा तुटतो आणि मूळ प्रणाली परत बसविली, तरी काही सुरक्षित सोयी पुन्हा मिळत नाहीत. चुकीच्या प्रारूपाची प्रणाली बसविल्यास किंवा मध्येच वीज वा जोडणी खंडित झाल्यास संच पूर्णपणे निकामी होऊ शकतो.

विधी : स्वतःच्या संचाची प्रणाली बदलणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. तथापि संचाचा आयएमईआय हा ओळखक्रमांक बदलणे २०१७ च्या नियमांनी प्रतिबंधित केले. दूरसंचार अधिनियम, २०२३ यात दूरसंचार-ओळखीशी केलेल्या छेडछाडीस तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रणाली बदलताना हा क्रमांक साठविलेला विभाग चुकून पुसला जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याची प्रत आधी राखून ठेवणे आवश्यक ठरते.

निवडीचे निकष : संच कोणत्या कामासाठी वापरला जातो, यावर निर्णय अवलंबून ठेवणे योग्य होय. हमरापूर किंवा जोहे येथील मूर्तिकाराचा व्यवसाय गणेशोत्सवापूर्वीच्या काही महिन्यांत एकवटलेला असतो. त्या काळात मागण्या व पैसे ज्या एकमेव संचावर येतात, त्याची प्रणाली बदलणे धोक्याचे आहे. यूपीआय अनुप्रयोग बंद पडल्यास *९९# ही सेवा किंवा मार्च २०२२ मध्ये साध्या संचांसाठी सुरू झालेली यूपीआय १२३पे यांनी पैसे देता येतात, परंतु त्यांना मर्यादा आहेत. रोह्याच्या कारखान्यातील कर्मचाऱ्याचा संच आस्थापनेच्या नियंत्रणाखाली असेल, तर उघड्या बूटलोडरचा संच तेथे स्वीकारला जाण्याचा संभव कमी असतो. याउलट घरात पडून असलेला जुना संच मुलांच्या अभ्यासासाठी, वाचनासाठी, मूर्तींच्या छायाचित्रांच्या संग्रहासाठी किंवा तंत्रशिक्षणासाठी वापरावयाचा असल्यास पर्यायी प्रणाली त्यास आणखी काही वर्षे उपयोगी ठेवते.

प्रणाली निवडताना तिच्या संकेतस्थळावर आपल्या संचाचे नेमके प्रारूप अधिकृत यादीत आहे काय, सुरक्षा-दुरुस्त्या किती नियमितपणे येतात, कुलूप पुन्हा लावता येते काय व व्होल्टी चालते काय, या चार गोष्टी पाहाव्यात. माहितीची प्रत, संचाचा भार पूर्ण असणे आणि मूळ प्रणाली परत बसविण्याची साधने हाताशी असणे, ही पूर्वतयारीही आवश्यक आहे. प्रमाणपत्राऐवजी संचाची प्रत्यक्ष सुरक्षितता तपासण्याची सर्वमान्य पद्धत रूढ झाल्यास स्वामित्व आणि आर्थिक व्यवहार यांतील आजचा विरोध बराच कमी होईल. तोपर्यंत व्यवहाराचा संच प्रमाणित ठेवणे व प्रयोगाचा संच वेगळा राखणे, हाच मध्यममार्ग सामान्य वापरणाऱ्यास सोयीचा ठरतो.