दैव, पान आणि पट : ‘मॅलिफो’ या खेळाचा रूपबंध

मराठी समीक्षेत ‘खेळ’ ही संकल्पना प्रामुख्याने रूपकाच्या अंगाने अवतरलेली आहे. आयुष्याचा सारीपाट, दैवाने टाकलेले दान, उधळला गेलेला डाव या प्रतिमांचा वापर इतका झाला आहे की त्यांतील खेळ जवळपास अदृश्य झाला आहे. खेळ हीच एक संहिता मानावी आणि तिच्या नियमांतून कोणता आशय आकार घेतो हे पाहावे, असा प्रयत्न मात्र क्वचितच होतो. याचे एक कारण उघड आहे. खेळाचे नियम म्हणजे कोरडी यंत्रणा आणि त्यांवर चढविलेली कथा म्हणजे केवळ सजावट, असा एक समज साहित्याच्या अभ्यासकांत रूढ आहे. हा समज कितपत टिकतो हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘मॅलिफो’ या अमेरिकी खेळाचा विचार केला आहे.

‘वीर्ड मिनिएचर्स’ या संस्थेने हा खेळ 2009 साली प्रसिद्ध केला. 2013 मध्ये त्याची दुसरी आणि 2019 मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. येथे तिसऱ्या आवृत्तीचे नियम प्रमाण मानले असून त्यानंतरच्या बदलांचा विचार केलेला नाही. सुमारे तीन फूट लांब-रुंद पटावर पडक्या इमारती, स्मशाने, खाणींची तोंडे यांच्या प्रतिकृती मांडल्या जातात आणि दोन खेळाडू आपापल्या रंगविलेल्या लघुमूर्ती त्यांतून हलवितात. मूर्तींची संख्या प्रत्येक बाजूला साधारणतः दहाच्या आतच राहते. सैन्यांचे युद्ध नव्हे, तर टोळ्यांची चकमक हा या खेळाचा विषय आहे. प्रत्येक मूर्तीला नाव, स्वभाव आणि पूर्वेतिहास असतो. संख्या कमी असल्यामुळेच हे शक्य होते. शंभर सैनिकांच्या तुकडीत व्यक्तिरेखेला जागा उरत नाही.

पटावरील युद्धखेळांची परंपरा जुनी आहे. प्रशियन लष्करात रायस्विट्झ याने 1824 मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात पंच होता आणि फासे होते. रणांगणावरील अनिश्चितता अधिकाऱ्यांना शिकवावी, हा त्यामागील हेतू. पुढे एच. जी. वेल्स याने 1913 साली ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून ही विद्या छावणीतून घराच्या फरशीवर आणली. त्याच्या खेळात खेळण्यातली तोफ खरोखरच डागली जाई आणि शिशाचे शिपाई पडत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लघुमूर्तींचे जे व्यावसायिक खेळ निघाले त्यांत मात्र फाशांचेच राज्य राहिले. वेल्सचे नाव येथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. ‘स्टीमपंक’ हे नाव के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने 1987 मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकाला धाडलेल्या पत्रात काहीशा थट्टेने सुचविले. ते ज्या कल्पनासृष्टीला दिले गेले, तिचे एक मूळ वेल्सच्या एकोणिसाव्या शतकातील विज्ञानकथांत आहे. वाफेची यंत्रे, पितळी दंतचक्रे, धुराने काळवंडलेली शहरे आणि कधी घडलाच नाही असा यंत्रयुगाचा एक पर्यायी इतिहास, ही या सृष्टीची सामग्री होय. तिच्या उजळ अंगात शोधाचा आनंद आहे, काळोख्या अंगात कारखान्याची कोंडी आणि मृत्यू. ‘मॅलिफो’ या दुसऱ्या अंगाचा.

त्याची कथावस्तू थोडक्यात अशी : पृथ्वीवरील जादू क्षीण होत चालली म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मांत्रिकांनी दोन जगांमधील पडदा फाडला. पलीकडे एक ओसाड महानगर सापडले. तेच मॅलिफो. तेथे आत्मशिला मिळाल्या. मांत्रिकाची शक्ती वाढविणारे हे दगड रिते झाले, की जवळपास कोणी मेल्यावर पुन्हा भरतात. काही वर्षांनी ती वाट अकस्मात मिटली आणि शतकभराने पुन्हा उघडली. या वेळी तिच्यावर ताबा होता तो ‘गिल्ड’ नामक बलाढ्य सत्तेचा. वाटेतून आगगाडी धावू लागली आणि खाणींत राबण्यासाठी कैदी पाठविले जाऊ लागले. गिल्डविरुद्ध बंडखोर मांत्रिक उभे आहेत. खाणकामगार व यंत्रकारागिरांची संघटना हा त्यांचा दर्शनी चेहरा. प्रेते उठविणारे आहेत, भाडोत्री बहिष्कृत आहेत आणि त्या जगातले मूळचे रहिवासी, ‘नेव्हरबॉर्न’ म्हणजे अजात, तेही आहेत.

आता यंत्रणेकडे वळावे. या खेळात फासा नाही. प्रत्येक खेळाडूपाशी 54 पानांचा स्वतःचा जोड असतो. मेंढा, ग्रंथ, मुखवटा आणि कावळा या चार चिन्हांची एक ते तेरा अशी 52 पाने, शिवाय एक लाल आणि एक काळा जोकर. लाल जोकराचे मूल्य 14, काळ्याचे शून्य. हा झाला दैवाचा जोड. प्रत्येक फेरीच्या आरंभी खेळाडू त्यातून सहा पाने हातात घेतो. मूर्तीने हल्ला केला की दोघेही आपापल्या जोडातले वरचे पान उलटतात आणि मूर्तीच्या अंगभूत गुणांकात त्याचे मूल्य मिळवितात. येथवर पान आणि फासा यांत फारसा भेद नाही. भेद पडतो तो पुढच्या पायरीवर. उलटलेले पान नको असेल तर खेळाडू हातातले पान त्याच्या जागी ठेवू शकतो. नियमपुस्तिकेत या कृतीचे नाव ‘दैवाला फसविणे’ असे आहे. ही फसवणूक नियमबाह्य नाही. तोच मूळ नियम आहे.

एक उदाहरण घेऊ. हल्लेखोराचा गुणांक 6 आणि उलटलेले पान 5, मिळून 11. बचाव करणाऱ्याचा गुणांक 5, पान 8, मिळून 13. ज्याची बेरीज कमी त्याने आधी निर्णय करावयाचा. हल्लेखोर हातातली दश्शी ठेवील तर त्याची बेरीज 16 होईल आणि वार लागेल. परंतु प्रश्न एवढाच नसतो. किती फरकाने जिंकले यावर पुढची इजा ठरते. फरक पाच किंवा त्याहून कमी असेल तर इजा ठरविताना दोन पाने उलटून त्यांतील हलके घ्यावे लागते आणि तेथे दैवाला फसविता येत नाही. फरक सहावर गेला की एकच पान उलटते आणि तेही बदलता येते. म्हणजे हल्लेखोराने बारा ठेवले तर फरक पाचाचा, तेरा ठेवले तर सहाचा. एका गुणाच्या अंतरावर दोन निराळ्या शक्यता उभ्या राहतात. आता हल्लेखोराने तेरा टाकले असे समजू. बचाव करणारा हरणारच आहे, तरीही तो आपल्या आठच्या जागी नऊ ठेवू शकतो. त्याने पराभव टळत नाही, पण फरक पुन्हा पाचावर येतो आणि वार बोथट होतो. पराभव पत्करून त्याची किंमत तेवढी कमी करावयाची, हा निर्णय फाशाच्या खेळात सहसा संभवत नाही. शोकात्म नाट्यातील पात्रांना मात्र तो चांगलाच परिचित आहे.

फासा आणि पान यांतील खरा भेद स्मृतीचा आहे. फाशाला मागचे काही आठवत नाही. दहादा एक पडला म्हणून अकराव्यांदा सहा पडण्याची शक्यता वाढत नाही. जोड मात्र लक्षात ठेवतो. इजा तीव्र करणारी पाने, म्हणजे अकरा, बारा, तेरा आणि लाल जोकर, ही 54 मध्ये 13 असतात. पहिल्या वीस पानांत त्यांतली आठ निघून गेली तर उरलेल्या 34 मध्ये पाचच राहतात आणि शक्यता 24 टक्क्यांवरून 15 टक्क्यांच्या आसपास उतरते. हातात येणाऱ्या सहा पानांत तेरा किंवा लाल जोकर यांपैकी एक तरी असण्याची शक्यता सुमारे 46 टक्के असते. निम्म्याहून अधिक फेऱ्यांत खेळाडूला हुकमी पानावाचूनच निभावून न्यावे लागते. फेरी संपली की टाकलेली पाने जोडात मिसळून पुन्हा पिसली जातात. म्हणजे या जगातील दैवाची स्मृती एका फेरीपुरती आहे. पहिल्या फेरीत त्याने जे देणे ठेवले ते दुसरीत फेडीलच असा भरवसा नाही.

भारतीय वाचकाला येथे वनपर्वातील नलोपाख्यान आठवणे स्वाभाविक आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल बाहुकाच्या रूपात ऋतुपर्णाचा सारथी होतो. ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडावरील पाने आणि फळे पाहता पाहता मोजून सांगतो आणि नलाला अक्षहृदय शिकवितो. ते ज्ञान मिळताच कली नलाच्या देहातून बाहेर पडतो. प्राचीन द्यूतात बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले की या प्रसंगातील झाडाची निवड किती नेमकी आहे ते कळते. द्यूताचे रहस्य तेथे मोजण्यात आहे. जे मोजता येते ते दैव राहत नाही, निदान पुरते राहत नाही. रॉजर काय्वा या फ्रेंच विचारवंताने 1958 मधील आपल्या ग्रंथात स्पर्धा आणि यदृच्छा ही खेळाची दोन परस्परविरुद्ध तत्त्वे मानली. एकात खेळाडू स्वतःवर विसंबतो, दुसऱ्यात स्वतःला दैवाच्या स्वाधीन करतो. पत्त्यांच्या खेळांत ही दोन्ही एकत्र येतात, हे त्यालाही मान्य होते. ‘मॅलिफो’मध्ये ती नुसती एकत्र येत नाहीत. दर उलटलेल्या पानागणिक खेळाडूला त्यांतील एकाची निवड करावी लागते, आणि ही निवड सहा पाने पुरतील तेवढीच वेळा करता येते.

नियम आणि कथा यांचा सांधा कोठे जुळतो याचे सर्वांत बोलके उदाहरण आत्मशिलेचे आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला टोळी उभारण्यासाठी, सामान्यतः, 50 आत्मशिलांचा निधी मिळतो. प्रत्येक पात्राची किंमत शिलांत मोजलेली असते. उरलेल्या शिलांपैकी सहापर्यंत गाठीशी ठेवता येतात. त्या खर्चून टोळीच्या म्होरक्यांवरील घाव सौम्य करता येतो, किंवा दोन पाने अधिक ओढून हात सुधारता येतो. शिला भरते मृत्यूने, हे कथेने आधीच सांगितलेले आहे. म्हणजे भाड्याने घेतलेल्या माणसाची किंमत मेलेल्या माणसांत मोजली जाते आणि दैवाला फसविण्याची वाढीव संधी मिळते तीही मृतांच्याच खर्चाने. नियमपुस्तिका यावर कोठेही भाष्य करीत नाही. ती केवळ हिशेब मांडते. खाणमालकाच्या वहीत असाच हिशेब असतो, आणि अशा ठिकाणी कथेला सजावट म्हणणे कठीण होऊन बसते.

सर्वत्र असा सांधा जुळतो असे मात्र नाही. ‘टेन थंडर्स’ हा पूर्व आशियाई गुन्हेगारी संघ पाश्चात्त्य कल्पनेतील ठरीव सामग्रीतून, म्हणजे गुप्त घराणी, अफू आणि तलवारी यांतून, रचलेला आहे. यांत्रिक कोळी किंवा हिमकन्या यांच्या निर्मितीत जी ताजी कल्पकता दिसते ती येथे आढळत नाही. ‘ओसाड नगर’ ही कल्पनाही तपासून पाहण्याजोगी आहे. नगर ओसाड असल्याचे सांगितले जाते आणि त्याच संहितेत तेथील मूळचे रहिवासी राक्षस म्हणून येतात. ‘अजात’ या नावाला पुराणकथेचा गंभीर स्वर आहे, परंतु जो जन्मलाच नाही त्याच्या भूमीवर हक्क सांगण्यास आडकाठी राहत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. वसाहतीच्या इतिहासात रिकामी भूमी अशीच शब्दांत घडविली गेली. खेळाच्या कर्त्यांना हा उपरोध अभिप्रेत होता की तो नकळत उतरला, याचा निर्णय संहितेवरून करता येत नाही. मात्र अजातांची बाजू घेऊन खेळता येते, आणि तसे खेळताना हे नगर परत मिळवावयाचे घर म्हणून पाहावे लागते, एवढे नियमांच्या बाजूने म्हणता येईल. कादंबरीच्या वाचकाला अशी बाजू बदलण्याची सोय नसते.

पात्रचित्रणातही नियमांचा वाटा आहे. डॉक्टर मॅकमॉर्निंग हा गिल्डच्या नोकरीतला शवविच्छेदक चोरून प्रेते उठवीत असतो. दुसऱ्या आवृत्तीत त्याला दोन्ही पक्षांत गणले होते आणि खेळाडूने त्याला कोणत्या बाजूने उभा करावे ते त्याने ठरवावयाचे होते. एरव्ही निवेदकाने परिच्छेदभर उलगडला असता तो दुटप्पीपणा येथे नियमाच्या एका ओळीत मावला आहे. विजयाच्या कल्पनेबाबतही असेच म्हणता येईल. डावाचे एक सामाईक उद्दिष्ट असते, आणि उपलब्ध पाच योजनांपैकी दोन प्रत्येक खेळाडू गुप्तपणे निवडतो. पाच फेऱ्यांत मिळणाऱ्या जास्तीत जास्त आठ गुणांपैकी निम्मे या योजनांचे. प्रतिपक्षाची सारी टोळी कापून काढली तरी गुणांत हार होऊ शकते. उलट, शेवटची मूर्ती पडण्यापूर्वी योजना तडीस गेली तर मेलेली टोळी जिंकते.

काळ्या जोकराविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. तो उलटला तर त्याला फसविता येत नाही. अधिक पाने उलटून चांगले निवडण्याची मुभा असली तरी त्यालाच घ्यावे लागते. दैवाला फसविण्याच्या या खेळात दैवाने स्वतःसाठी राखून ठेवलेले ते एक पान आहे. पण तोच जोकर आरंभी सहा पानांत हाती आला, तर मुरलेले खेळाडू तो टाकून देत नाहीत. हातात असेतोवर तो जोडात नसतो, म्हणून ते त्याला फेरीभर मुठीत धरून ठेवतात आणि उरलेल्या पाच पानांवर डाव चालवितात.